ज्युदोचे जनक आचार्य जिगोरो कानो

सायंकाळीं शाळा सुटल्यावर मैदानाकडे दृष्टि टाकली म्हणजे एक गोष्ट नेहमीं ध्यानांत येते. ज्यांचें शरीर मुळांतच काटक व बळकट, तेच विद्यार्थी खेळांत आणि व्यायामांत पुढें असतात. आणि ज्यांना व्यायामाची खरी गरज, ते अतिशय कृश किंवा अतिशय स्थूल विद्यार्थी कडेच्या झाडाखालीं बसून दुसऱ्यांचा खेळ पाहत असतात. आपण धांवूं लागलों तर कोणी हंसेल ही भीति, आपणांस हें जमणार नाहीं ही खात्री, आणि जन्मतः मिळालेली प्रकृति कांहीं बदलत नाहीं हा समज, अशा तीन बेड्या त्यांच्या पायांत असतात. या बेड्या ज्यांनीं स्वतःच्या पायांतून तोडल्या, आणि पुढें असंख्य लोकांना त्या तोडण्याची युक्ति शिकविली, अशा एका शिक्षकाचें चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों. जपानांतील ज्युदो या विद्येचे जनक जिगोरो कानो हेच ते शिक्षक. ते जन्मानें पहिलवान नव्हते. वर्गांतील दांडग्या मुलांचा मार खाणारे एक किरकोळ शरीराचे विद्यार्थी होते.

जिगोरोचा जन्म १८६० मध्यें जपानांतील मिकागे या समुद्रकांठच्या गांवीं झाला. हें गांव पुढें कोबे शहरांत समाविष्ट झालें. तांदळापासून साके नांवाचें मद्य करण्याचा या घराण्याचा वंशपरंपरागत धंदा होता. परंतु वडिलांनीं त्या धंद्यांत न पडतां सरकारी कामांत लक्ष घातलें होतें. मुलांनीं उत्तम विद्या संपादन करावी अशी त्यांची मोठी आकांक्षा होती. जिगोरो दहा वर्षांचा होण्याच्या सुमारासच त्याची आई वारली. त्यानंतर वडिलांनीं त्याला राजधानीस, म्हणजे टोकियो शहरीं नेलें. तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. १८६८ मध्यें जपानची जुनी राजवट संपून नवें युग सुरू झालें होतें. जो तो पाश्चात्य विद्येच्या मागें लागला होता. जिगोरो इंग्रजी शिकला आणि वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, जेथें परदेशी शिक्षक इंग्रजी व जर्मन भाषेंतून शिकवीत, अशा एका वसतिगृहयुक्त शाळेंत दाखल झाला.

अभ्यासांत तो हुशार होता. शरीरानें मात्र फारच दुबळा. पूर्ण वाढ झाल्यावरहि त्याची उंची जेमतेम पांच फूट दोन इंच होती, यावरून त्या वयांत तो कसा दिसत असेल याची कल्पना करावी. वसतिगृहांतील मोठीं मुलें त्याला कामें सांगत, ढकलीत, मारीत. बुद्धीच्या जोरावर वर्गांत वर असलेला हा मुलगा वर्गाबाहेर पडतांच सर्वांच्या खालीं जाई. हा अपमान त्याच्या जिव्हारीं लागला.

दुबळ्या माणसालाहि बलवानावर मात करतां येईल अशी ज्युजुत्सु नांवाची एक जुनी विद्या आहे, असें त्यानें ऐकलें होतें. कानो कुटुंबाच्या ओळखीचे एक गृहस्थ पूर्वीं शोगुनाच्या पदरीं शिपाई होते. त्यांना ती येत असे. जिगोरोनें त्यांना शिकविण्याची विनंति केली. या नव्या काळांत त्या जुनाट विद्येचा कांहीं उपयोग नाहीं, असें म्हणून त्यांनीं ती नाकारली. घरच्या मालमत्तेची देखरेख करणाऱ्या एका माणसाला विचारलें. त्यानेंहि नकार दिला. वडील तर या कल्पनेलाच विरुद्ध होते. पूर्वीं सामुराई लोकांचें भूषण असलेली ही विद्या त्या वेळीं इतकी मागें पडली होती कीं, तिच्यावरील हस्तलिखितें जुन्या बाजारांत कवडीमोलानें विकलीं जात. जिगोरो तीं विकत घेऊन वाचूं लागला. परंतु पोहण्यावरील पुस्तक वाचून कोणाला पोहतां येत नाहीं. गुरु पाहिजे होता आणि गुरु मिळत नव्हता.

१८७७ मध्यें जिगोरोनें टोकियोच्या विद्यापीठांत प्रवेश केला, तोंवर हा शोध चालूच होता. आपल्याकडे तालमींतील वस्ताद जसे उतरलेला सांधा बसवितात, तसेच जपानांतहि या विद्येचे जाणकार हाडें बसविण्याच्या धंद्यावर पोट भरीत. हें कळल्यावर तो हाडवैद्यांच्या पाट्या शोधीत शहरभर हिंडूं लागला. अखेर एका हाडवैद्यानें त्याला फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे पाठविलें. फुकुदा हेहि हाडवैद्यच. त्यांच्या घरीं दहा चटयांची एक लहानशी खोली होती. हीच जिगोरोची पहिली तालीम. त्या वेळीं त्याचें वय सतरा वर्षांचें होतें.

फुकुदा यांची शिकविण्याची पद्धत मोठी कडक होती. एकदां त्यांनीं जिगोरोला एका डावानें उलथून पाडलें. हात कोठें धरावयाचा, पाय केव्हां टाकावयाचा, हें त्यानें विचारलें. फुकुदा यांनीं उत्तर न देतां त्याला पुन्हां पाडलें. त्यानें पुन्हां विचारलें. त्यांनीं पुन्हां पाडलें. प्रश्न संपेपर्यंत पडणें संपलें नाहीं. डाव अंगानें शिकावयाचा असतो, तोंडानें नव्हे, असा त्या गुरूचा सिद्धान्त होता. जिगोरोचें अंग काळेंनिळें होई; तो मलम चोळी आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां चटईवर हजर होई. पुढें स्वतः शिक्षक झाल्यावर मात्र त्यानें गुरूची चिकाटी घेतली आणि मौन सोडून दिलें. शिष्याला प्रत्येक हालचालीचें कारण समजलेंच पाहिजे, हा त्याच्या शिक्षणाचा पाया ठरला.

त्या तालमींत फुकुशिमा नांवाचा एक धिप्पाड गुरुबंधु होता. जिगोरोचा कोणताहि डाव त्याच्यावर चालेना. दुसऱ्या कोणी दैवाला बोल लाविला असता. जिगोरो ग्रंथालयांत गेला. जपानी सुमो कुस्तीचे डाव त्यानें पाहिले; त्यांनींहि काम भागलें नाहीं. मग पाश्चात्य कुस्तीवरील एका पुस्तकांत त्याला एक डाव सांपडला. खालीं वांकून प्रतिस्पर्ध्याच्या पोटाशीं शिरावयाचें आणि त्याला आपल्या खांद्यांवर आडवा उचलून पलीकडे टाकावयाचें. आपल्या आखाड्यांतील मल्ल ज्याला कलाजंग म्हणतात, त्याच जातीचा हा डाव. जिगोरोनें मित्रांबरोबर त्याचा सराव केला आणि एके दिवशीं तो प्रचंड फुकुशिमा त्याच्या खांद्यांवरून चटईवर आला. पुढें हाच डाव कातागुरुमा या नांवानें ज्युदोंत रूढ झाला.

या विजयाचा आनंद त्याला झालाच असेल. परंतु आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. जिगोरो मूळचा शीघ्रकोपी होता. अपमानाचा सूड घेण्याची इच्छा हीच त्याला तालमीकडे घेऊन गेली होती. दोन तीन वर्षें नियमानें मेहनत केल्यावर त्याला दिसून आलें कीं, शरीर तर बळकट झालेंच, पण रागहि ताब्यांत आला आहे. ज्यांना हरवावयाचें म्हणून ही विद्या शिकावयास घेतली, त्यांना हरविण्याची गरजच आतां वाटेनाशी झाली. ज्या औषधानें आपल्या देहाचा व मनाचा दोन्ही रोग बरे झाले, तें आपल्यापाशींच ठेवणें योग्य नव्हे, असें त्याच्या मनानें घेतलें. एका मार खाणाऱ्या मुलाचा आचार्य झाला तो येथें.

१८७९ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेचे माजी अध्यक्ष जनरल ग्रँट टोकियोस आले असतां त्यांच्यापुढें या विद्येचे प्रयोग झाले, त्यांत जिगोरोनेंहि भाग घेतला. त्यानंतर थोड्याच दिवसांत फुकुदा वारले. जिगोरोनें इसो मासातोमो यांच्याकडे, आणि १८८१ मध्यें तेहि वारल्यावर ईकुबो त्सुनेतोशी या दुसऱ्या संप्रदायाच्या गुरूंकडे अध्ययन चालू ठेविलें. ईकुबो वयानें पन्नाशीच्या पुढें गेले होते, तरी शिष्याला सहज पाडीत. एके दिवशीं मात्र कानो यांनींच त्यांना लागोपाठ पाडलें. गुरु चकित झाले. कानो यांनीं खुलासा केला कीं, उभ्या माणसाला बळानें पाडण्यापूर्वीं त्याचा तोल ढळविला, म्हणजे पाडण्यास बळ फारसें लागत नाहीं. तो ढकलील तर ओढावें, ओढील तर ढकलावें. आतां आपणांस शिकविण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, अशी कबुली त्या उदार गुरूंनीं दिली आणि १८८३ मध्यें आपल्या संप्रदायाची अधिकारपत्रें शिष्याच्या हातीं दिलीं.

तत्पूर्वींच, १८८२ मध्यें, वयाच्या एकविसाव्या वर्षीं कानो यांनीं टोकियोंतील एईशोजी या बौद्ध मंदिरांत स्वतःची शाळा काढली होती. जागा बारा चटयांची. पहिल्या वर्षाचे शिष्य अवघे नऊ. विद्यार्थी आदळूं लागले म्हणजे जमीन हादरे आणि मंदिरांतील मृतांच्या नांवांच्या पाट्या खालीं पडत. त्यामुळें तेथील धर्मगुरु त्रासून जात. या शाळेला कानो यांनीं कोदोकान, म्हणजे मार्गाच्या अध्ययनाचें स्थान, असें नांव दिलें. विद्येचेंहि नांव बदललें. ज्युजुत्सु म्हणजे मृदुतेची कला. ज्युदो म्हणजे मृदुतेचा मार्ग. कला येऊन संपते. मार्गावर जन्मभर चालावें लागतें.

हा बदल नुसता नांवाचा नव्हता. हाडें मोडणारे व जिवावर बेतणारे प्रकार कानो यांनीं मोकळ्या सरावांतून वगळले. पडावें कसें, हें पाडण्याच्या आधीं शिकविण्याचा नियम केला. पडतांना हात चटईवर आपटून आघात पसरवावयाचा, मान आंत घ्यावयाची, अंग गोल करावयाचें. एवढें साधलें म्हणजे पडण्याची भीति जाते, आणि भीति गेली म्हणजे शरीर मोकळें होतें. विद्यार्थ्यांच्या प्रगतीचे टप्पे दिसावेत म्हणून १८८३ पासून त्यांनीं श्रेणी ठरविल्या. काळ्या पट्ट्याची प्रथा त्यानंतर कांहीं वर्षांनीं आली. १८८९ मध्यें शिक्षणतज्ज्ञांच्या एका सभेंत त्यांनीं ज्युदोचीं तीन अंगें मांडलीं. शरीर घडविणें हें एक, झुंजींत निभाव लागणें हें दुसरें, आणि शील व बुद्धि यांचा विकास हें तिसरें. १८८६ च्या सुमारास टोकियोच्या पोलिसांच्या आश्रयाखालीं झालेल्या सामन्यांत कोदोकानच्या मल्लांनीं जुन्या संप्रदायांच्या मल्लांवर सरशी मिळविली, आणि ही शाळा देशभर गाजूं लागली.

१८८९ मध्यें सरकारनें त्यांना युरोपांतील शिक्षणसंस्था पाहण्यासाठीं पाठविलें. परतीच्या प्रवासांत बोटीवर एका धिप्पाड परदेशी अधिकाऱ्यानें त्यांची शक्ति अजमावून पाहिली, अशी कथा सांगतात. कानो यांनीं त्याला उलथून पाडलें. परंतु पडतांना त्याच्या डोक्याला इजा होऊं नये म्हणून स्वतःचा हात त्याच्या डोक्याखालीं धरला. लोकांनीं पाडण्यापेक्षां त्या हाताचेंच कौतुक अधिक केलें. कानो यांच्या सर्व शिकवणीचें सार त्या एका हातांत आहे असें आम्हांस वाटतें.

शरीर हलकें व चपळ करण्यासाठीं या विद्येचा आश्रय घेणाऱ्यांत एक फार मोठें नांव आहे. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे बालपणीं दम्यानें जर्जर असत आणि व्यायामानेंच त्यांनीं आपलें शरीर कमाविलें होतें. पुढें राज्यकारभाराच्या बैठ्या कामांत त्यांचा देह स्थूल होऊं लागला. वजन दोनशें पौंडांच्या वर गेलें. १९०४ मध्यें कानो यांचे शिष्य यामाशिता योशिआकी अमेरिकेंत होते. पंचेचाळीस वर्षांच्या अध्यक्षांनीं त्यांना आपल्या निवासस्थानीं बोलावून चटया अंथरविल्या आणि कित्येक आठवडे धडे घेतले. घोटा, मनगट व आंगठे सुजले तरी त्यांनीं सराव सोडला नाहीं, आणि त्या सुजेची हकीकत पुत्रास पत्रानें मोठ्या आनंदानें कळविली. पुढें यामाशिता यांनीं अमेरिकेच्या नाविक विद्यालयांतहि ज्युदो शिकविलें. राष्ट्राध्यक्षाला आपल्याहून ठेंगण्या शिक्षकाकडून वारंवार पडण्याची लाज वाटली नाहीं. मग आपण मैदानावर धांपा टाकण्याची लाज कां बाळगावी?

ज्युदोनें वजन उतरतें यांत जादू कांहीं नाहीं. आपल्याच भाराएवढा दुसरा मनुष्य ओढावा, ढकलावा, उचलावा. पडावें, तत्काळ उठावें, पुन्हां भिडावें. यांत पायांच्या पोटऱ्यांपासून मानेपर्यंत सर्व स्नायूंना काम पडतें आणि दम वाढतो. परंतु आपली विद्या सर्व व्यायामांची जागा घेते असा अहंकार कानो यांना नव्हता. ज्युदोच्या सरावांत शरीराचीं कांहीं अंगें कमी वापरलीं जातात हें ओळखून त्यांनीं उत्तरायुष्यांत एकट्यानें, विनासाहित्य, थोड्या जागेंत करण्याजोगा एक व्यायामक्रमहि रचला. आपल्याकडील जोर, बैठका व सूर्यनमस्कार ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना त्यामागील हेतु सहज समजेल.

कानो यांचा मुख्य व्यवसाय ज्युदोचा नव्हता, शिक्षकाचा होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १८९१ मध्यें ते कुमामोतो येथील विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. सुप्रसिद्ध लेखक लाफकादिओ हर्न त्याच वर्षीं तेथें इंग्रजीचे शिक्षक म्हणून आले, आणि त्यांनीं या विद्येची माहिती आपल्या ग्रंथांतून पाश्चात्य वाचकांना करून दिली. १८९३ पासून १९२० पर्यंत, मधलीं थोडीं वर्षें सोडून, टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाची धुरा कानो यांनीं वाहिली. तेथें त्यांनीं पोहणें, धांवणें इत्यादि व्यायामांना अभ्यासक्रमांत मानाचें स्थान दिलें. म्हणजे तेथून बाहेर पडणारा प्रत्येक शिक्षक आपल्या गांवीं व्यायामाची आवड घेऊन जाई. चिनी विद्यार्थ्यांसाठींहि त्यांनीं एक शाळा चालविली; पुढें विख्यात झालेले चिनी लेखक लू शून हे १९०२ मध्यें तेथेंच दाखल झाले होते. स्त्रियांनाहि त्यांनीं ही विद्या शिकविली. १९३५ मध्यें कोदोकानच्या स्त्री विभागांत केइको फुकुदा ही एक युवती दाखल झाली. ती त्यांच्या पहिल्या गुरूंची, त्या हाडवैद्य फुकुदांची, नात होती. तिला कानो यांनीं स्वतः आमंत्रण दिलें होतें. पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वीं घेतलेलें ऋण त्यांनीं असें फेडलें. तिनें तें व्याजासह पुढें नेलें. २०१३ मध्यें वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षीं ती अमेरिकेंत वारली, तोंवर आयुष्यभर तिनें ज्युदोच शिकविलें.

१९०९ मध्यें कानो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले; आशिया खंडांतील ते पहिलेच. १९१२ मध्यें स्टॉकहोम येथील सामन्यांना जपाननें प्रथमच खेळाडू पाठविले. ते दोनच होते. एकाला वेगाच्या शर्यतींत यश आलें नाहीं. दुसरा, कानो यांच्याच विद्यालयाचा विद्यार्थी, मॅरेथॉनमध्यें उन्हानें अर्ध्या वाटेंत कोसळला. कानो खचले नाहींत; बी पेरल्याच्या दुसऱ्या दिवशीं पीक मागणारे ते शेतकरी नव्हते. १९२२ मध्यें त्यांनीं आपल्या मार्गाचीं दोन सूत्रें जाहीर केलीं. आपली शक्ति उत्तम रीतीनें उपयोगांत आणावी हें एक. स्वतःचें व दुसऱ्याचें कल्याण एकत्रच साधावें हें दुसरें. १९३६ मध्यें, १९४० चे ऑलिंपिक सामने टोकियोस भरविण्याचें ठरलें, त्यांत त्यांच्या खटपटीचा वांटा मोठा होता. १९३८ मध्यें कैरो येथील बैठक आटोपून ते बोटीनें मायदेशीं परतत असतां त्यांना न्युमोनिया झाला, आणि ४ मे १९३८ रोजीं, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षीं, भर समुद्रांत त्यांचें देहावसान झालें.

त्यानंतरची हकीकत दुःखाची आहे, ती लपविणें योग्य नव्हे. चीनशीं चाललेल्या युद्धामुळें जपाननें त्याच वर्षीं ते सामने परत केले. परस्परकल्याणाचें सूत्र सांगणाऱ्या विद्येला रणोन्मादाच्या गाड्याला जुंपण्यांत आलें, आणि १९४५ मध्यें जपानचा पराभव झाल्यावर शाळांतून तिच्यावर बंदी आली. ती १९५० मध्यें उठली. विद्या चांगली असली तरी ती कोणत्या हेतूनें शिकविली जाते यावर तिचें फळ अवलंबून असतें, हा धडा कानो यांच्या सूत्रांनीं आधींच दिला होता. राष्ट्र तो विसरलें. पुढें १९६४ मध्यें टोकियोसच ऑलिंपिक सामने भरले आणि त्यांत ज्युदोला प्रथमच स्थान मिळालें. खुल्या गटांत हॉलंडच्या आंतोन गेसिंक यांनीं जपानच्या मल्लाला हरविलें. हर्षभरित झालेले त्यांचे देशबांधव चटईकडे धांवले, तेव्हां गेसिंक यांनीं हात वर करून त्यांना थांबविलें. हरलेल्याचा मान राखणारा तो हातहि, बोटीवरील त्या हाताप्रमाणेंच, कानो यांच्या शिकवणीचा होता. आपल्या देशाशींहि या विद्येचा जुना संबंध आहे. रवीन्द्रनाथ ठाकूर यांनीं शांतिनिकेतनांत ती शिकविण्यासाठीं जपानांतून शिक्षक आणविले. १९२९ मध्यें कोदोकानचे ताकागाकी तेथें आले होते.

वाचकहो, हें चरित्र वाचून प्रत्येकानें ज्युदोच शिकावें असा आमचा आग्रह नाहीं. कोणी आखाड्यांत उतरावें, कोणी मल्लखांबावर चढावें, कोणी नुसतें धांवावें. आमचें सांगणें एवढेंच कीं, दुबळें किंवा बोजड शरीर हा अपराध नाहीं, आणि ती जन्मठेपहि नाहीं. जिगोरोला तीन ठिकाणीं नकार मिळाला. तो चौथ्या दारीं गेला. तो शेंकडों वेळां पडला; प्रत्येक वेळीं उठला. आणि शक्ति आल्यावर ज्यांनीं मारलें त्यांना मारावयास न जातां, आपल्यासारख्या दुसऱ्या दुबळ्यांना हात देण्यास तो निघाला. जे बंधुभगिनी आज झाडाखालीं बसले आहेत त्यांनीं उद्यां उठावें. आणि जे मैदानावर पुढें आहेत त्यांनीं, आपला एखादा सोबती खेळतांना पडला तर हंसण्याऐवजीं त्याच्या डोक्याखालीं हात धरावा. असें घडलें तर आचार्य कानो यांचें चरित्र आम्हीं येथें दिल्याचें सार्थक झालें, असें आम्ही समजूं.